अकरावी गोळी कोणासाठी?



मॅगझिन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छापील अंक येतो. बंदुकीच्या जगात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. पिस्तुलाच्या मुठीत किंवा रायफलीच्या पोटाखाली बसणारी ही एक लहानशी पेटी. तिच्यात गोळ्या एकावर एक रचलेल्या असतात आणि तळाशी स्प्रिंग असते. एक गोळी सुटली की स्प्रिंग दुसरी वर ढकलते. पेटी रिकामी झाली की ती काढून दुसरी बसवावी लागते. बस्स, एवढेच तिचे काम. पण या पेटीत गोळ्या किती मावाव्यात यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कितीतरी देशांच्या संसदांत कडाक्याचे वाद झाले. कुठे पाच, कुठे दहा, कुठे वीस असा आकडा ठरला. आणि बहुतेक ठिकाणी एक गट पुढे येऊन म्हणाला, "आम्हाला यातून वगळा, आम्ही खेळाडू आहोत."

हा प्रश्न आपल्या गावचा नाही हे आम्ही जाणतो. आपल्यापैकी फार थोड्यांनी खरी बंदूक हातात धरली असेल. पण आज आपल्या कितीतरी घरांतली मुले-नातवंडे कॅनडात, न्यूझीलंडमध्ये, ऑस्ट्रेलियात राहतात, तिथल्या चर्चमध्ये मिस्सेला जातात, तिथे मतदान करतात. त्यांच्यापुढे हा प्रश्न येतोच. शिवाय ज्याने काही गुन्हा केला नाही त्याच्या आवडीवर दुसऱ्याच्या जिवासाठी बंधन घालणे न्यायाचे आहे का, आणि घातलेच तर त्यातून कोणाला व का सोडावे, हा प्रश्न आपल्यालाही रोज या ना त्या रूपात भेटतो.

आधी आकडा का, ते पाहू. ८ जानेवारी २०११ रोजी, शनिवारी सकाळी, अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या टूसॉन शहरात गॅब्रिएल गिफर्ड्स या लोकप्रतिनिधी एका दुकानासमोर मतदारांना भेटत होत्या. एक तरुण पिस्तूल घेऊन आला. (मारेकऱ्यांची नावे आम्ही या लेखात कुठेच देत नाही.) त्याच्या पिस्तुलाला ३३ गोळ्यांची लांब मॅगझिन होती. काही सेकंदांत ती त्याने जवळजवळ रिकामी केली. ६ जण मरण पावले, १३ जण जखमी झाले. मृतांत जॉन रोल हे न्यायाधीश होते. त्या सकाळी मिस्सा ऐकून ते तिथे सहज डोकावले होते. आणि एक ९ वर्षांची मुलगी होती. या दोघांचाही अंत्यविधी शहरातल्या एकाच कॅथोलिक चर्चमध्ये झाला, एका दिवसाच्या अंतराने.

तो थांबला कधी? मॅगझिन संपली तेव्हा. दुसरी बसवण्याच्या खटपटीत असताना एका ६१ वर्षांच्या बाईने ती त्याच्याकडून हिसकावली आणि इतरांनी त्याला खाली दाबून धरले. पुढे २०१३ मध्ये गिफर्ड्स यांचे पती मार्क केली यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या लहान मुलीला लागलेली गोळी तेरावी होती. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत अमेरिकेत दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनच्या विक्रीला बंदी होती. मुदत संपली आणि तो कायदा पुन्हा केला गेला नाही. दहाची मर्यादा असती तर मारेकऱ्याला दहाव्या गोळीनंतर थांबावे लागले असते, हाच केली यांच्या साक्षीचा रोख होता.

मर्यादेमागचे सगळे तर्कशास्त्र इतकेच आहे. छोटी मॅगझिन कोणाला चांगला माणूस बनवत नाही. ती फक्त एक खंड पाडते. त्या खंडात कोणी पळू शकतो, कोणी दार लावू शकतो, कोणी झडप घालू शकतो.

आता नेमबाजांचे म्हणणे ऐकू, आणि ते नीट ऐकू, कारण आमच्या मते त्यात तथ्य आहे. नेमबाजी हा खुनशी माणसांचा खेळ नव्हे. श्वास रोखणे, हृदयाचे ठोके ओळखून दोन ठोक्यांच्या मधे चाप ओढणे, तासन् तास एका बिंदूवर मन ठेवणे हे तपासारखे काम आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले तेव्हा आपणही टाळ्या वाजवल्या. ख्रिस्तसभेलाही हा खेळ परका नाही. जर्मनीच्या ऱ्हाईनलँड आणि वेस्टफालिया भागांत कॅथोलिक धर्मग्रामांशी जोडलेले नेमबाजांचे जुने बंधुसंघ आजही आहेत. त्यांतले कित्येक संत सेबास्तियनच्या नावाचे. उंच खांबावर लाकडी पक्षी बसवतात, तो जो पाडेल तो त्या वर्षाचा राजा, आणि सणाच्या दिवशी मिस्सा, मिरवणूक, बँड. गावच्या फेस्तासारखाच प्रकार!

असा माणूस विचारतो, "मी वीस वर्षे परवाना सांभाळला. बंदूक कुलपात ठेवली. कुणावर साधा हात उगारला नाही. मग भलत्याच कोणाच्या पापासाठी माझ्या हातातली वस्तू का काढून घेता?" या प्रश्नाला "लोक मेले, तू खेळाचे काय घेऊन बसलास" असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. निरपराध माणसावर टाकलेले प्रत्येक बंधन समर्थनीय कारण मागते. कारण देण्याची जबाबदारी कायदा करणाऱ्याची असते.

पण नेमबाजी म्हणजे एकच खेळ नव्हे, हे या वादात फार वेळा विसरले जाते. कुसाळे ज्या प्रकारात खेळतो त्यात रायफलीत एका वेळी एकच गोळी भरतात. मॅगझिनचा संबंधच नाही. ऑलिंपिकमधली सगळ्यांत वेगवान स्पर्धा २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल ही. तिच्यात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आधी ८ सेकंदांत, मग ६, मग ४. म्हणजे ऑलिंपिकच्या सर्वोच्च मंचावर पाचापेक्षा अधिक गोळ्यांची पेटी कोणालाच लागत नाही. मोठ्या मॅगझिनची गरज सांगणारे खेळाडू बहुधा दुसऱ्या परंपरेतले असतात. तिला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. १९७६ मध्ये तिची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तीत खेळाडू धावत, वळत, आडोशामागून अनेक लक्ष्ये टिपतो. लांबच्या फेरीत ३२ पर्यंत गोळ्या लागू शकतात. मोठी मॅगझिन असेल तर ती बदलण्यात जाणारा एखाद-दुसरा सेकंद वाचतो आणि गुण वाढतात.

इथे आम्हाला एक गोष्ट मोलाची वाटते. याच संघटनेच्या प्रॉडक्शन नावाच्या गटात मॅगझिनमध्ये १५ पेक्षा जास्त गोळ्या भरायच्या नाहीत असा खेळाचाच नियम आहे. कॅनडात १९९० च्या दशकापासून पिस्तुलाच्या मॅगझिनला दहाची कायदेशीर मर्यादा आहे आणि तिथले खेळाडू दहा-दहाच्या पेट्या बदलत हाच खेळ खेळत आले. खेळाचे नियम माणसांनी केलेले असतात आणि माणसे ते बदलू शकतात. सगळ्यांना दहाच गोळ्या दिल्या तर स्पर्धा तितकीच चुरशीची राहते, फक्त पेटी बदलण्याचे कसब वाढते. उलट बाजूने कोणी म्हणेल की मग ते कसब शिकलेल्या मारेकऱ्यालाही दहाची मर्यादा अडवणार नाही. खरे आहे. सरावलेला हात क्षणार्धात पेटी बदलतो. कायदा प्रत्येकाला अडवू शकत नाही. टूसॉनचा तरुण मात्र सरावलेला नव्हता, आणि त्या बाईला तेवढाच वेळ पुरला.

मग सवलत द्यावी की नाही? आपल्या धर्मपरंपरेत या प्रश्नावर फार बारकाईने विचार झालेला आहे, कारण ख्रिस्तसभा शतकानुशतके नियम करत आली आणि त्यातून सूटही देत आली. प्रायश्चित्तकाळात उपवास सांगितला, पण वयाची साठी गाठलेल्याला त्यातून वगळले. मांसवर्ज्य सांगितले, पण आजाऱ्याला समजून घेतले. १९८३ च्या कॅनन संहितेत सूट देण्याबद्दल वेगळे कलम आहे. त्याचा आशय असा की न्याय्य आणि सयुक्तिक कारणाशिवाय सूट देऊ नये, आणि देताना त्या व्यक्तीची परिस्थिती व मूळ नियमाचे गांभीर्य दोन्ही तोलावे. दिलेल्या सुटीचा अर्थही आखूडच घ्यायचा, ताणून वाढवायचा नाही. नियम जितका जड, तितके कारणही जड हवे, असा हा हिशेब.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी याची आणखी सुंदर उकल केली. सूट देणे याला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ मोजून वाटणे. घराचा कारभारी जसा प्रत्येकाला त्याचे काम आणि त्याचे अन्न मापाने वाटून देतो, तसा राज्यकर्ता सूट देतो. संत थॉमस इथे लूककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायातल्या कारभाऱ्याची आठवण करून देतात. प्रभूने त्याच्यात दोन गुण मागितले, तो विश्वासू हवा आणि शहाणा हवा. सर्वांच्या हिताकडे न पाहता सूट देणारा अविश्वासू ठरतो, आणि कारण न ओळखता सूट देणारा अडाणी.

म्हणजे प्रश्न "सवलत चांगली की वाईट" असा उरत नाही. कारभारी विश्वासू होता का आणि शहाणा होता का, हे विचारायचे. या दोन मापांनी प्रत्यक्ष घटना मोजून पाहू.

१५ मार्च २०१९, न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च. शुक्रवारच्या नमाजासाठी जमलेल्या ५१ माणसांचा दोन मशिदींत बळी गेला. भारताच्या उच्चायुक्तालयाने जाहीर केल्याप्रमाणे त्यांत ५ भारतीय होते. मारेकऱ्याकडे साधा परवाना होता. त्या परवान्यावर लहान मॅगझिनच्या अर्धस्वयंचलित रायफली घेता येत. मोठी मॅगझिन लावली की तीच रायफल वेगळ्या, कडक परवान्याच्या वर्गात जाई. पण ती मोठी मॅगझिन स्वतंत्रपणे विकत घ्यायला कोणताच परवाना लागत नसे! तलवार कुलपात आणि मूठ बाजारात, असा तो कायदा होता. पुढे शाही आयोगाच्या चौकशीत हेही निघाले की परवाना देताना त्याच्या चारित्र्याची ग्वाही ज्यांनी दिली त्यांत ऑनलाइन खेळातला एक मित्र होता. कारभारी मापाने वाटत होता, पण कोणाला वाटतो आहे हे त्याला माहीत नव्हते.

महिनाही उलटला नाही तोच, १० एप्रिल रोजी तिथल्या संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी कायदा बदलला. बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली आणि मोठ्या मॅगझिन बंद झाल्या. शेतीला उपद्रवी प्राण्यांच्या बंदोबस्तासाठी आणि खऱ्या संग्राहकांसाठी कडक अटींवर वाट ठेवली गेली. रायफलीच्या स्पर्धा खेळणाऱ्यांनी सूट मागितली, ती त्यांना मिळाली नाही. सरकारने मोबदला देऊन ५६,००० हून अधिक शस्त्रे जमा करून घेतली. तो निर्णय घाईचा होता असे म्हणणारे तेव्हाही होते. विरोधात पडलेले एकमेव मत घाईविरुद्धच होते. आमचे मत असे की घाई झाली खरी, पण शेतकऱ्याची गरज आणि खेळाडूची आवड यांत जो फरक केला गेला तो चुकीचा नव्हता. उपद्रवी प्राण्यांनी शेत उजाड केले तर संसार बुडतो. स्पर्धेचा प्रकार बदलला तर दुःख होते, पण संसार बुडत नाही.

युरोपने दुसरी वाट धरली. पॅरिसमध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये १३० जण मारले गेल्यानंतरच्या काळात, २०१७ मध्ये, युरोपीय संघाने शस्त्रांविषयीचा निर्देश कडक केला. अर्धस्वयंचलित पिस्तुलाला २० पेक्षा आणि रायफलीला १० पेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन असेल तर ते शस्त्र बंदी असलेल्या वर्गात गेले. मात्र लक्ष्यवेधी नेमबाजांना सूट देण्याची मुभा सदस्य देशांना ठेवली. त्या सुटीच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. नेमबाज मान्यताप्राप्त स्पर्धांत खरोखर भाग घेत असला पाहिजे किंवा त्यांची तयारी करत असला पाहिजे. तो क्लबचा सभासद आहे आणि निदान बारा महिने नियमित सराव करतो असा दाखला अधिकृत संघटनेने द्यावा. आणि त्याचे शस्त्र मान्यताप्राप्त महासंघाच्या एखाद्या क्रीडाप्रकाराला लागणाऱ्या मापाचेच असावे. चेक प्रजासत्ताकाने या निर्देशाला युरोपीय न्यायालयात आव्हान दिले, ते डिसेंबर २०१९ मध्ये फेटाळले गेले.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेन करारात आहे, म्हणून हाच प्रश्न तिथेही आला. नेमबाजांच्या संघटनांनी विरोधात सह्या गोळा केल्या आणि १९ मे २०१९ रोजी सार्वमत झाले. घरोघरी सैन्याची रायफल ठेवण्याची परंपरा असलेल्या या देशात जवळजवळ ६४ टक्के मतदारांनी कडक कायद्याला होकार दिला. नेमबाजाची सूट शाबूत राहिली, पण तिला मुदतीची वेसण आली. पाच वर्षांनी आणि पुन्हा दहा वर्षांनी त्याने आपण क्लबात आहोत किंवा नियमित नेमबाजी करतो हे दाखवायचे. आपण सायकलीवर बसलो की पाय मारत राहावे लागते, तसेच हे.

आमच्या मते सवलतीचा योग्य आकार हा असाच आहे. ज्याला इतरांपेक्षा जास्त मिळते त्याने इतरांपेक्षा जास्त ओझे उचलावे. दाखला त्याने आणावा, कुलूप त्याने लावावे, क्लबने त्याच्यावर डोळा ठेवावा, आणि खेळ सोडला की सूटही परत करावी. "मी सज्जन आहे" एवढे म्हणून सूट मागता येणार नाही. सज्जनपणा मोजायचे माप कोणत्याही सरकारजवळ नसते, पण सराव, सभासदत्व, स्पर्धा ही मापे असतात. कॅनडाने २०२३ च्या कायद्यात आणखी पुढे जाऊन पिस्तुलांच्या नव्या खरेदीवरील बंदीतून फक्त ऑलिंपिक व पॅरालिंपिक प्रकारांतल्या नेमबाजांना व त्यांच्या प्रशिक्षकांना वगळले. प्रॅक्टिकल शूटिंगवाले बाहेर राहिले. ऑलिंपिकची पाच वर्तुळे हे न्यायाचे अचूक माप आहे असे आम्ही म्हणणार नाही. कोणता खेळ खरा हे ऑलिंपिक समितीने ठरवावे, हे थोडे विचित्रच. पण माप नसण्यापेक्षा माप असणे बरे.

आपल्या देशातही हा तराजू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आणली गेली, आणि पुढच्या वर्षीच्या अधिसूचनेने नामवंत नेमबाजांना त्यांच्या क्रीडाप्रकारांच्या संख्येप्रमाणे अधिक शस्त्रे ठेवायला परवानगी दिली. तत्त्व तेच, खेळाला लागेल तेवढे आणि खेळतो तोवर.

दुसऱ्याच्या सवलतीवर बोलताना आपल्या सवलती आठवाव्यात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये झाले. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, पण सणासुदीसाठी वर्षातून काही दिवस, जास्तीत जास्त पंधरा, मध्यरात्रीपर्यंत मुभा राज्य सरकारला देता येते. आता लग्नाच्या आदल्या रात्री आपण काय करतो? "आमच्याकडे एकच मुलगी आहे", "वर्षातून एकदाच तर" असे म्हणत अकरा वाजतात, साडेअकरा वाजतात. शेजारच्या घरात खाटेवर कोणी वृद्ध पडलेला असतो, कोणाची दहावीची परीक्षा असते. ध्वनिवर्धक आणि बंदूक एका पारड्यात बसत नाहीत हे मान्य. पण मागणाऱ्याच्या तोंडचे वाक्य दोन्हीकडे एकच आहे, मी कुठे कोणाचे वाईट करतो?

संत पौलाला करिंथच्या ख्रिस्ती लोकांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. तिथल्या बाजारात मूर्तीला वाहिलेले मांस विकले जाई. ते खाण्यात पाप नाही, कारण मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, असे जाणकार ख्रिस्ती म्हणत. पौलाने त्यांचा युक्तिवाद खोटा ठरवला नाही. तुमचे म्हणणे बरोबर आहे, असेच त्याने मान्य केले. आणि मग तो म्हणाला की माझ्या खाण्याने माझा दुबळा भाऊ पडणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. या उत्तरात एक बारकावा आहे. पौलाने हे बंधन स्वतःवर घातले. करिंथच्या खाटकांची दुकाने बंद करा असे त्याने कोणाला सांगितले नाही. म्हणून हे पत्र हातात घेऊन नेमबाजाला दटावणे आम्हाला पटत नाही. प्रीतीने सोडलेली गोष्ट वेगळी आणि कायद्याने काढून घेतलेली वेगळी. कायद्याने काढून घ्यायची तर त्याला संत थॉमसचा निकष लागतो, सर्वांचे हित. कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात शस्त्रांच्या उत्पादनावर आणि विक्रीवर नियमन करणे हा सार्वजनिक सत्तेचा हक्क आणि कर्तव्य म्हटले आहे. अमेरिकेच्या बिशपांच्या परिषदेने मोठ्या मॅगझिन सामान्य नागरिकांच्या हाती पडण्यावर मर्यादा असावी असे वर्षानुवर्षे मांडले आहे. पण यांतल्या कोणीही नेमबाजाला गुन्हेगार म्हटलेले नाही.

आता राहिली डनब्लेनची गोष्ट. ती आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिच्यापाशी आमचे सारे माप अडखळते.

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील या गावच्या प्राथमिक शाळेत शिरून एका माणसाने १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार केले. तीन-चार मिनिटांत त्याने शंभरहून जास्त गोळ्या झाडल्या. त्याची पिस्तुले कायदेशीर होती. परवाना मिळाला होता तो लक्ष्यवेधी नेमबाजीसाठी. नेमबाजी क्लबांत त्याचे जाणे-येणे होते. म्हणजे खेळाडूंसाठी ठेवलेल्या दारातूनच तो आत आला. त्याचा परवाना काढून घ्यावा असे एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ मध्ये लेखी सुचवले होते, ते वर कोणी मनावर घेतले नाही.

चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांनी त्याच वर्षी एक मधला मार्ग सुचवला. पिस्तूल वापरात नसेल तेव्हा त्याचा महत्त्वाचा भाग काढून ठेवावा किंवा ते निकामी करून ठेवावे, आणि हे जमत नसेल तर अशी पिस्तुले वैयक्तिक मालकांनी बाळगण्यावर बंदी घालण्याचा विचार करावा. खेळही चालला असता आणि घरात भरलेले शस्त्रही राहिले नसते. कारभाऱ्याचे माप म्हणतात ते हेच, असे आम्हाला वाटते. पण तोवर पिस्तुलांवर सरसकट बंदी मागणाऱ्या अर्जावर सात लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या. १९९७ मध्ये दोन कायदे झाले आणि ग्रेट ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तुले जवळजवळ पूर्ण बंद झाली. कलन यांचा मार्ग कागदावरच राहिला.

त्यानंतर ब्रिटनच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले. २००२ मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या तेव्हा पिस्तुलाच्या स्पर्धा घेण्यासाठी सरकारला खास परवानगी काढावी लागली, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठीही मोजक्या खेळाडूंना विशेष परवाने दिले गेले. आपल्याच देशात, आपल्याच खेळासाठी, पाहुण्यासारखी परवानगी. त्यांतल्या कोणीही डनब्लेनला गोळी झाडली नव्हती.

त्या सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत जमलेला वर्ग पहिलीचा होता. मुले पाच-सहा वर्षांची होती.